शरयूताईंची काळी बीअर

शरयूताईंनी बीअरची बाटली कधीच काळ्या पिशवीतून आणली नाही. दुकानदार सवयीने बाटलीला वर्तमानपत्र गुंडाळायचा, काळ्या पिशवीत घालून गाठ मारायचा. ताई तिथेच गाठ सोडायच्या, कागदाची घडी घालून परत द्यायच्या आणि म्हणायच्या, "दूधवाला असं गुंडाळून देतो का? मग तुम्हीही देऊ नका." दर शनिवारी सकाळी अकरा वाजता एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात बाटली घेऊन त्या नारायण पेठेतून चालत घरी यायच्या. ओळखीचं कोणी भेटलं तर थांबून बोलायच्या. बाटली पाठीमागे न्यायच्या नाहीत.

मी त्यांच्याकडे अकरा वर्षं स्वयंपाकाला होते. हडपसरहून बसने यायचे. माझा नवरा दारूने गेला होता. म्हणून पहिल्याच आठवड्यात मी फरशीकडे बघत त्यांना सांगितलं की मी बाटलीला हात लावणार नाही आणि तो पेलाही विसळणार नाही. वाटलं, काम गेलं. त्या म्हणाल्या, "नका लावू. हात तुमचे आहेत." तो पेला त्यांनी कायम स्वतः धुतला. शेवटचे काही शनिवार सोडून.

ताईंनी लग्न केलं नव्हतं. त्या एका बिस्किटांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होत्या. परदेशी कंपनीशी करार झाला तेव्हा कारखान्याने त्यांना सहा महिने इंग्लंडला पाठवलं. तिथली घरमालकीण रविवारच्या जेवणाबरोबर काळी, दाट बीअर द्यायची. परत आल्यावर तशी पुण्यात कुठे मिळेना. "सगळं पिवळं पाणी," त्या म्हणायच्या. मग आयटीवाल्यांची गर्दी झाली, दुकानांत काचेचे फ्रिज आले आणि त्यांत देशोदेशीच्या बाटल्या. "या संगणकवाल्यांनी पुण्याचं केलेलं हे एकच भलं," असं त्यांचं मत होतं.

बाटली निवडायला त्या भिंग घेऊन जायच्या. काय काय घातलंय ते वाचायच्या. साखर दिसली की परत. उन्हात ठेवलेली परत. जुनी तारीख परत. मला घरी येऊन सगळं सांगायच्या. "पुरुष आकडा बघतात, किती चढेल त्याचा. मला चढायला नकोय, मला जेवायला हवीय. आणि काळा रंग कोणीही देतं, विमलबाई. अंगात काय आहे ते बघायचं."

एका दिवाळीत मी चकलीची भाजणी भाजत होते. ताई पेला घेऊन ओट्याशी आल्या. पिऊ नका, नुसता वास सांगा, म्हणाल्या. मी आधी मान हलवली. मग वाकून, भाजणीचा घेतात तसा वास घेतला आणि म्हटलं, जव भाजलेत, मंद आचेवर, आणि शेवटी मुद्दाम जरा करपू दिलेत. "तीस वर्षं प्रयोगशाळेत काढली मी," ताई म्हणाल्या. " हे इतकं नीट मला सांगता आलं नसतं." तेव्हापासून दर शनिवारी त्या माझ्यापुढे पेला धरायच्या. एकदा मी म्हटलं, हे वरून करपलंय, आतून कच्चं आहे. त्यांनी एक घोट घेतला आणि सगळा पेला मोरीत ओतला.

त्यांच्याकडे पिण्याचा सरकारी परवाना होता. जन्मभराचा, फोटो लावलेला. निवृत्तीला मिळालेल्या ढालीशेजारी त्यांनी तो काचेच्या कपाटात ठेवला होता. इमारतीचे सेक्रेटरी जोगळेकर एकदा वर आले आणि म्हणाले की इमारतीत लहान मुलं आहेत, निदान झाकून तरी आणत जा. ताईंनी कपाट उघडून परवाना त्यांच्या हातात दिला. "हा माझा कागद. तुम्ही वर्षअखेरीला गच्चीवर बसता, तुमचा कागद बघू." जोगळेकर चहा न घेता गेले.

मग ताई न्हाणीत पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण उठता येईना. पाच शनिवार तसेच गेले. जोगळेकर भेटायला आले, मोसंबी ठेवली आणि निघताना म्हणाले, "चला, या निमित्ताने ते तरी सुटलं." मी ताईंच्या उत्तराची वाट बघत उभी राहिले. ताईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दोन घास. मी आग्रह केला तर म्हणाल्या, "आता काय करायचंय, विमलबाई." अकरा वर्षांत असं बोलणं मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मोडलेल्या हाडाची वाटली नव्हती, तेवढी भीती मला त्या बोलण्याची वाटली.

डॉक्टर आले तेव्हा मी त्यांना जिन्यात गाठून बीअरचं विचारलं. अर्धा पेला चालेल, पण जेवणाबरोबर, ते म्हणाले.

शनिवारी मी भाजी आणायला म्हणून निघाले आणि त्या दुकानात गेले. काउंटरवर सगळे पुरुष. मला बघून सरकले, ते बरं वाटलं नाही. मी काळी बीअर मागितली. दुकानदाराने एक बाटली पुढे केली. ही घ्या, दोन घोटांत काम होतं, म्हणाला. मागून कोणी तरी बोललं की नवऱ्याने पाठवलेलं दिसतंय. नवरा असता तर मी तिथे उभी नसते, हे त्याला कुठे माहीत. मला इंग्रजी वाचता येत नाही. मी म्हटलं, "काय काय घातलंय ते वाचा." त्याने वाचलं. त्यात साखर होती. मी म्हटलं, परत ठेवा. दुसरीची तारीख जुनी होती, तीही ठेवायला लावली. मग विचारलं, "भाजलेले जव असलेली आहे का?" त्याने मान वर केली. "शरयूताईंकडून आलात होय?" आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यातून एक काढली.

"माझ्याकडे परवाना नाही," मी म्हटलं. "एका दिवसाचा लिहून द्या."

"कोण विचारतंय, मावशी. जा घेऊन."

"लिहा."

त्याला परवान्यांचं पुस्तक सापडेना. दोन खण उपसले. मागचे पुरुष ताटकळले, कोणी हसलं नाही. मी चौथीतल्या अक्षरात माझं पूर्ण नाव लिहिलं. त्याने वर्तमानपत्राला हात घातला तेव्हा म्हटलं, पिशवी नको.

फाटकात जोगळेकर होते. "विमल, तूसुद्धा?" म्हणाले. मी त्यांच्याशी कधी 'हो'च्या पुढे बोलले नव्हते. म्हटलं, "ताईंची बीअर आहे. कागद आहे, वाचता का?" त्यांनी वाचला नाही.

ताईंनी भिंग मागितलं. बाटली सगळीकडून वाचली. मग परवान्यावरचं माझं नाव मोठ्याने वाचलं. "म्हणजे सरकारदरबारी आता तुम्हीही पिणाऱ्या." मी अर्धाच पेला भरला. तपकिरी फेस हळूहळू बसला. त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले.

"जड आहे," त्या म्हणाल्या. यापेक्षा मोठी स्तुती त्यांच्याकडे नव्हती. मग आमटीत कुस्करलेली अर्धी भाकरी खाल्ली. तो पेला मी धुतला.

जोगळेकर पुन्हा भेटायला आले तेव्हा त्यांना ताईंकडून उत्तर मिळालं. काय ते इथे लिहीत नाही. पण जिन्यापर्यंत ऐकू आलं.

आम्हाला आणखी सहा शनिवार मिळाले. मग ताई गेल्या.

ताईंचा भाचा बंगळूरहून आला. घर आवरताना त्याने शेवटची रिकामी बाटली कागदात गुंडाळली, काळ्या पिशवीत घालून गाठ मारली आणि म्हणाला, "मावशी, लांब कुठे तरी टाका. इथे कोणी बघायला नको." मी पिशवी ओट्यावर ठेवली, गाठ सोडली, कागदाची घडी घातली आणि त्याच्या हातात दिली. बाटली घेऊन जिना उतरले. खाली जोगळेकर आणि चार माणसं उभी होती, त्यांच्यामधून गेले.

हडपसरच्या बसमध्ये ती मांडीवर उभी धरली होती. शेजारच्या बाईने बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तिला ताईंबद्दल सांगायला सुरुवात केली.