आईचं गाणं वरातीत वाजतं

हिंगोलीत आमचा बँड म्हणजे आम्ही तिघं. माझ्या अब्बांचा लग्नातला बँड होता, म्हणून ताशा आणि ड्रम माझ्याकडे. कीबोर्ड मित्राकडे, त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. गाणारी ती. तिचे वडील जयंतीला भीमगीतं गायचे, त्यांचाच भरदार गळा तिला आला होता. सुरुवातीला रिसेप्शनमध्ये आम्ही सिनेमाची गाणी वाजवली. लोक खूश होते, आम्हीच कंटाळलो.

तिची आई जवळा बाजारच्या जिनिंगमध्ये कामाला होती. सरकी-कापसाच्या धुळीनं तिची छाती भरली आणि आई गेली. त्यानंतर काही महिन्यांनी आमची गाणारी त्याच जिनिंगमध्ये जाऊन मशीनची घरघर मोबाइलमध्ये भरून घेऊन आली. "याच्यावर गायचं," म्हणाली. मी ताशावर हलकेच ठेका धरला, मित्रानं एकच सूर लांबवत ठेवला. ती त्यावर गायची, मध्येच कुजबुजायची, मध्येच धाप लागल्यासारखी थांबायची. ध्रुवपद नाही, टाळी पडेल अशी जागा नाही. अब्बा दारात येऊन म्हणाले, "ये क्या बजारे तुम लोगां? किसी का इंतकाल हुआ क्या?"

"व्हय चाचा," ती म्हणाली. अब्बा चप्पल काढून आत बसले आणि शेवटपर्यंत ऐकलं.

एका बाजाराच्या गावी आम्ही ते स्टेजवर वाजवलं. समोरून ओरडा, "अवो, गाणं कवा सुरू व्हनार?" साउंडवाल्यानं मध्येच आवाज बंद केला. माइक बंद झाला तरी ती गात राहिली.

त्याचा व्हिडिओ पाहून पुण्याच्या एका गाण्यांच्या कंपनीचा फोन आला. त्यांना फक्त तिचा आवाज पाहिजे होता.

"आमी तिघं हाओत," ती म्हणाली.

ते ऐकेनात. पंधरवडाभर ती जाईना. शेवटी आम्हीच तिला गाडीत बसवलं.

तिचं एकटीचं पहिलं गाणं आलं ते हेच. घरघर काढून टाकली होती, धाप कापली होती, खाली नाचायचा ठेका घातला होता. हिंगोलीतल्या एका वरातीत मी ते पहिल्यांदा ऐकलं. डीजेसमोर पोरं शर्ट काढून नाचत होती. मला तिथं उभं राहवेना.

मग तिचा फोनच लागेना. मी पुण्याला गेलो. खोलीत ती भिंतीला टेकून बसली होती. मागच्या कार्यक्रमात तोंड उघडलं आणि आवाज निघाला नाही, असं तिनं घोगऱ्या आवाजात सांगितलं. डॉक्टर म्हणाले, गळ्याला काही झालेलं नाही.

"मी गाऊन राहिले न् समोर सगळे नाचून राहिले," ती म्हणाली. "माझी माय मेली, न् हे नाचतेत. काहून रे?"

मी म्हटलं, चल, आपलं जुनं वाजवू.

"ते आता आपलं न्हाई. कंपनीच्या कागदावर सही केली मी. इथंच काय, हिंगोलीतबी मला ते गाता येत न्हाई."

मी तिला घेऊन आलो. मित्रानं दुकान बंद करून कीबोर्ड जोडला, मी ताशा घेतला. दुसरं काही तरी करू म्हटलं. दुपारभर आम्ही वाजवत राहिलो. ती ओठ हलवायची, सूर फुटायचा नाही. एकदा तिनं दोन्ही हातांनी स्वतःचा गळा आवळला. मित्रानं हात सोडवले. त्यानंतर आम्ही वाजवणं सोडलं.

परवा तिचे वडील आले. उभ्या उभ्याच म्हणाले, "लेकरा, घरात मी गुणगुणलो तर ती कानात बोटं घालती. मी बी गाणं सोडलं. आता काय करावं, सांग." मी त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत. उत्तराची वाट बघत तसेच उभे राहिले.