लोलो कार्पियोंचा अंगठा

आमच्या भावोजींना बास्केटबॉल खेळता येत नाही, आणि खरं सांगायचं तर फारसा कळतही नाही. एकोणतीस वर्षं ते छत्री कंपनीच्या संघाबरोबर बाकावर बसले, तरी पंचाने शिट्टी का वाजवली हे अजून शेजारच्याला विचारतात. त्यांना कळायचे ते पाय. पोटरीवरून एकदा अंगठा फिरवला की हा पोरगा काल किती पळाला, कुठल्या पायावर भार टाकतो आणि कुठला पाय चोरतो, हे ते घडाघडा सांगायचे. त्यांचं नाव कार्पियो. संघातले सगळे त्यांना लोलो म्हणतात, म्हणजे आजोबा.

माझी खानावळ पासिग शहरात, सरावाच्या जिमसमोर. माझी बहीण गेल्यापासून भावोजी माझ्याच मागच्या खोलीत राहतात, आणि मालिशचा बाकही तिथेच आहे. त्यामुळे खेळाडू पुढच्या दारी बसून भात आणि सुकी मासळी खायचे, आणि मागच्या खोलीत जाऊन "मेलो, मेलो" म्हणून ओरडायचे. नवीन गिऱ्हाईक दचकायचं. जुनी गिऱ्हाइकं फक्त विचारायची, "आज कोण?"

छत्री कंपनीचा संघ म्हणून आमचे लोक संघ पुढे असला की कोलिझियममध्ये छत्र्या उघडतात. छपराखाली छत्री उघडली की वरून गोम पडते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तरी उघडतात. चौदा वर्षं आमच्यावर गोमीच पडताहेत, चषक काही पडला नाही.

आमचा प्रशिक्षक तिबोय गुडघे आणि पोटऱ्या यांच्या बाबतीत डॉक्टरांपेक्षा भावोजींना मानायचा. त्यालाही कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या सर्वांत उंच खेळाडूची पोटरी दाबून भावोजी म्हणाले होते, "आज याला खेळवू नका." एक्स-रेच्या फोटोत काही दिसत नव्हतं, म्हणून तिबोयने खेळवला. तिसऱ्या मिनिटाला त्याच्या टाचेची शीर तुटली आणि तो पुन्हा कधी पळाला नाही. तेव्हापासून तिबोय नवा खेळाडू घेण्याआधी त्याला गुपचूप माझ्या मागच्या खोलीत आणायचा.

आता मी जे सांगणार आहे ते मी तेव्हाच सांगायला हवं होतं. गेल्या नाताळच्या आधीची गोष्ट. मी चुलीवर लुगाव, म्हणजे आल्याची पेज, उकळत ठेवली होती. भावोजी आले आणि उघड्या हाताने भांड्याचं झाकण उचलून आत डोकावत उभे राहिले. अॅल्युमिनियमचं झाकण, खालून वाफ सुटलेली. मी फडक्यानेसुद्धा ते पटकन उचलून ठेवते. ते मात्र निवांत विचारत होते, "आज अंडं घातलं नाहीस का गं?"

मी झाकण हिसकावून घेतलं. त्यांच्या बोटांच्या टोकांची कातडी पांढरी पडली होती. त्यांनी हाताकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पावसाळ्यापासून. मालिश करून गरम हात थंड पाण्यात घातले असतील. गरम-थंडाचा पास्मा झालाय. जाईल."

"पास्मा कसला? दिवसाला तीन बाटल्या सरबत आणि पावावर ते गोड दूध! साखर आहे ती, भावोजी. दवाखान्यात चला."

"दवाखान्यात गेलो की कागदावर येईल," ते म्हणाले. "कागदावर आलं की तिबोयला कळेल. आदेल, मला या बोटांशिवाय दुसरं काय येतं, तूच सांग."

मी तिबोयला काही कळवलं नाही. आणि रोज त्यांच्याकडे बघायला लागले, तेव्हा मला कळलं, सहा महिने हा म्हातारा कसा निभावतोय ते. ते आता पायाकडे बघतच नव्हते. अंगठा फिरवायचे आणि नजर सगळी खेळाडूच्या तोंडावर. पोराने ओठ चावला की तिथेच थांबायचे आणि म्हणायचे, "इथे आहे बघ दुखणं." पोरगं खूश, लोलोंनी बरोबर ओळखलं! ओळखलं होतं त्याच्याच चेहऱ्याने. मला हसूही आलं आणि भीतीही वाटली.

फेब्रुवारीत एका सकाळी तिबोय घाईघाईने आला. पुढे रेनांते जेवत होता. आमचा पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारा, चौतीस वर्षांचा, अकरा वर्षं आमच्याचकडे. त्याच्या लग्नात भावोजी त्याचे धर्मपिता म्हणून उभे राहिले होते. तिबोय त्याच्याकडे न बघताच आत गेला, तेव्हाच मला शंका आली. त्याच्या मागे टोपी डोळ्यांवर ओढलेला एक पोरगा होता. मी ओळखला. जुन्रेल, डबाबंद मासळीच्या कंपनीच्या संघाचा तेवीस वर्षांचा पॉइंट गार्ड. चेंडू त्याच्या हातात आला की समोरचा माणूस कुठे उभं राहायचं हेच विसरायचा, पण त्या संघाने वर्षभर त्याला बाकावरच कुजवला होता.

मागच्या खोलीत मी चहाचं निमित्त करून गेले.

"दुपारी सह्या आहेत," तिबोय खालच्या आवाजात म्हणाला. "आपला रेनांते त्यांना, हा आपल्याला. डॉक्टर म्हणतात उजव्या गुडघ्यात काहीतरी धूसर दिसतंय, जुनी सूज असेल, ठरवा तुमचं तुम्ही. मी काय ठरवणार, लोलो? तुम्ही सांगा. तुम्ही नाही म्हणालात तर हा इथूनच परत."

जुन्रेल बाकावर आडवा झाला. भावोजींनी तेल लावलं, गुडघ्याच्या वाटीभोवती अंगठा फिरवला आणि जोर दिला. नजर पोराच्या तोंडावर. मीही तिथेच पाहत होते. पोरगा छताकडे बघत होता. चेहरा कसा, चर्चमधल्या मूर्तीसारखा शांत. भावोजींनी आणखी खोल दाबलं. काही नाही. पापणीसुद्धा हलली नाही.

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरेसं होतं. मी चहाचे कप उचलले.

"ठणठणीत आहे," भावोजी म्हणाले.

रेनांतेला दुपारी मोबाइलवर कळलं, माझ्याच टेबलावर, ताटात भात असताना. त्याने मोबाइल उलटा ठेवला. मग मागच्या खोलीच्या दाराशी जाऊन म्हणाला, "लोलो, मला निदान आधी सांगायचं होतंत."

"मला आजच कळलं रे."

"तुम्ही होय म्हणालात तेव्हाच झालं ना? सगळ्यांना माहीत आहे." त्याने भावोजींचा हात घेऊन रीतीप्रमाणे कपाळाला लावला, आणि सरळ बाहेर पडला. अकरा वर्षं जेवत होता माझ्याकडे, त्या दिवशी ताट अर्धं टाकून गेला. मला रडू आलं, आणि तिबोयचा असा राग आला की मी त्याला दोन दिवस सूप गार करूनच वाढलं.

पण पुढचे सहा सामने! खोटं कशाला बोलू, मीही खानावळ बंद करून कुबाओला कोलिझियममध्ये गेले. जुन्रेल मैदानात आला की बाकीचे चौघे शहाणे झाल्यासारखे खेळायचे. आम्ही ओळीने पाच जिंकलो. सहावा हरलो, तोही एका गुणाने. जुन्रेलचे वडील ओर्मोकहून बोटीने आले होते. लहानपणापासून आमच्याच संघाचे भक्त, आणि येताना जुनी, दोन काड्या मोडलेली छत्री घेऊन आले होते. ती उघडली तर एका बाजूला लोंबत होती. तरी त्यांनी ती सामना संपेपर्यंत मिटली नाही.

घरी परतताना भावोजी माझ्या कानात म्हणाले, "बघ आदेल. अजून येतंय मला." मी मान हलवली. मलाही तेच खरं वाटावंसं वाटत होतं.

सातव्या सामन्यात दुसऱ्या सत्रात जुन्रेल एकटाच चेंडू घेऊन चालला होता. जवळ कुणी नव्हतं. धक्का नाही, टक्कर नाही. तो थांबला, वळला, आणि पाय त्याच्याबरोबर वळला नाही. तो पडला तेव्हा मला वाटलं घसरला. मग तो ओरडला. उघड्या छत्र्या एकेक करून मिटत गेल्या.

डॉक्टर धावले. तिबोय मात्र पोराकडे बघत नव्हता, डॉक्टरकडेही नाही. तो बाकाच्या टोकाला बसलेल्या भावोजींकडे बघत होता. पुढच्या आठवड्यात कंपनीने मालिशसाठी एक शिकलेली मुलगी आणली, यंत्रासकट. भावोजींना कुणी जा म्हटलं नाही. सामन्याला नेणारी बस त्यांच्यासाठी थांबेनाशी झाली, इतकंच. खेळाडू जेवायला यायचे, खाली मान घालून जेवायचे आणि पुढच्याच दाराने जायचे. मागच्या खोलीतलं ओरडणं बंद झालं, आणि कुणी "आज कोण?" असं विचारलंही नाही.

मे महिन्यात, दुपारची गर्दी ओसरल्यावर, जुन्रेल कुबड्या घेऊन आला. शस्त्रक्रिया झाली होती. बरोबर आणलेल्या पिशवीत ओर्मोकची चार अननसं होती. मला वाटलं, आता हा शिव्या देणार, आणि देऊ दे, आम्ही त्याच लायकीचे आहोत. चुलीवर चिंचेचं सार उकळत होतं. भावोजी शेजारी स्टुलावर बसून पालेभाजी निवडत होते. ते उठून उभे राहिले.

"बसा लोलो," जुन्रेल म्हणाला. "आईने सांगितलंय, आधी आशीर्वाद घे, मग बोल." त्याने वाकायचा प्रयत्न केला, जमेना. "त्या दिवशी तुम्ही दाबलंत ना, माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी बाकाखालून हाताने फळी धरून ठेवली होती. नखं मोडली माझी. म्हटलं, एवढ्या मोठ्या हाताला कळलं नाही असं होणारच नाही. संपलं आपलं, जा परत बाकावर. आणि तुम्ही म्हणालात, ठणठणीत."

भावोजींच्या हातातली काडी तशीच राहिली.

"मला कळलं लोलो. तुम्ही ओळखलंत आणि मला सोडलंत. या पोराला एकदा खेळू दे, असं तुमच्या मनात आलं. सात सामने मिळाले मला. पप्पांनी पाहिले. आई दर रविवारी तुमच्या नावाने मेणबत्ती लावते. लोक तुम्हाला काहीबाही बोलतात, मला माहीत आहे. तुम्ही माझ्यासाठी एवढं ऐकून घेताय."

मी एप्रनच्या टोकाने तोंड पुसलं. मनात म्हटलं, राहू दे भावोजी. काही बोलू नका. या जगात आता एवढी एकच चांगली गोष्ट तुमच्या नावावर आहे. ती घ्या आणि गप्प बसा.

जुन्रेलने खुर्ची ओढली आणि पाय समोर लांब केला. पट्टी सोडली. गुडघा सुजून कलिंगडासारखा गुळगुळीत झाला होता.

"आता एकदाच दाबा," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणतात वर्ष लागेल, नंतर बघू. एक म्हणतात खेळेल, दुसरे म्हणतात विसर. मी कुणाचंच ऐकत नाही. तुम्ही सांगाल ते. या वेळी दया नको लोलो. खरं सांगा."

भावोजींनी दोन्ही हात त्या गुडघ्यावर ठेवले. अंगठा फिरवला, पूर्वी फिरवायचे तसाच. ते पोराच्या तोंडाकडे बघत नव्हते. डोळे मिटून घेतले होते. मग ते उठले, चुलीपाशी गेले आणि साराच्या भांड्याचं झाकण उघड्या हाताने उचललं.

"लोलो, भाजेल!"

ते झाकण धरूनच उभे राहिले. वाफ त्यांच्या मनगटावरून वर जात होती. मला जळक्या कातडीचा वास आला. मी पुढे झाले तर त्यांनी दुसऱ्या हाताने मला अडवलं. पोराला पूर्ण दिसेपर्यंत ते तसेच उभे राहिले.

जुन्रेलला कळायला थोडा वेळ लागला. मग त्याने हळूच विचारलं, "तेव्हाही?"

"तेव्हाही."

"म्हणजे तुम्हाला कळलंच नव्हतं."

"तुझ्या तोंडाकडे बघून बोललो मी, बाळा. तोंडावर काही नव्हतं."

"म्हणजे मला कुणी सोडलं नव्हतं," जुन्रेल म्हणाला. जणू स्वतःलाच समजावत होता. त्याने पट्टी बांधायला घेतली. ती बांधता येईना, म्हणून तशीच गोळा करून खिशात कोंबली. कुबड्या काखेत घेतल्या आणि गेला. दारापाशी एकदा थांबला. मला वाटलं, वळेल. तो फक्त उंबरठा ओलांडायला पाय कसा उचलावा ते बघत होता. अननसं टेबलावरच राहिली.

मी भावोजींच्या हातातून झाकण काढून घेतलं, तर त्याला कातडी चिकटून आली. त्यांना नळाखाली न्यायला लागले, तर म्हणाले, थंड पाणी नको, पास्मा होईल. मी त्यांचा हात पाण्याखाली धरला. ते हाताकडे बघत नव्हते, रिकाम्या दाराकडे बघत होते.

"आदेल," थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "बघ गं. फार भाजलंय का?"