नकाशावरची टिकली

माझी एक विद्यार्थिनी कपाळावरची टिकली काढून बोटाच्या टोकावर घ्यायची आणि वर्गातल्या जगाच्या नकाशासमोर उभी राहायची. मोबाईलमध्ये बघून टिकली समुद्रात चिकटवायची. "आज दादा इथं हाय, सर." त्यानंतरच मला तास सुरू करता यायचा.

ती शहराजवळच्या करमाड गावाहून यायची. मुख्य विषय रसायनशास्त्र, आणि जोडीचा मायनर विषय जागतिक सुरक्षा, म्हणजे माझा. बाकीची पोरं हा विषय का घेत, ते तुम्हाला सांगायला नको. तासाची वेळ बसच्या वेळेशी जुळायची. एकाच्या वडिलांनी तर विचारलं होतं, "सर, हे केल्यावर शेंद्र्याच्या कंपनीत गेटवर लागंल का पोरगं?" तिचं मात्र खरंच काम होतं. तिचा भाऊ मालवाहू जहाजावर होता, आणि जहाज युद्धाच्या टापूतून चाललं होतं. तो कुठं आहे हे रोज संध्याकाळी आईला नीट सांगता यावं, एवढ्यासाठी तिनं माझा विषय घेतला होता.

तिचं ते टिकली काढणं मला खटकायचं. माझ्या आईनं मोकळ्या कपाळानं पोरीला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नसतं. एकदा म्हणालो, "अगं, टाचणी देतो."

"टाचणीनं भोक पडतंय, सर. दादा हाय तिथं."

एके दुपारी टिकली तिच्या बोटावरच राहिली. मोबाईलवरच्या जहाजांचा माग दाखवणाऱ्या ॲपमध्ये दादाचं जहाज वाळवंटात दिसत होतं, एका विमानतळाभोवती गोल गोल फिरत. सगळा वर्ग तिच्या बाकाभोवती जमला. युद्धात खोटे जीपीएस संकेत सोडतात, त्यामुळे जहाज भलतीकडेच दिसतं, हे मीच आदल्या आठवड्यात शिकवलं होतं. तिनं मान हलवली. "दिसतंय तिथं नाय." तेव्हापासून हे वाक्य तिच्या तोंडी बसलं. हजेरीत कुणी गैरहजर मित्राच्या नावाला ओ दिली, तरी ती हेच पुटपुटायची आणि वर्ग हसायचा.

त्याच दिवसांत एकदा तासाला फोन वाजला. दादाचा नंबर. तिनं स्पीकर लावला. "दादा? आरं बोल की!" पलीकडून नुसतं वारं, आणि लोखंडावर काहीतरी संथपणे आपटत असल्याचा आवाज. पोरं फोनवर वाकून ऐकत होती. तिनं फोन ठेवला नाही, तो आपोआप तुटला.

पुढच्या आठवड्यात जहाज पुन्हा पाण्यात दिसलं. बंदरालाही लागलं. दादाचा फोन मात्र आला नाही. जहाजाची कंपनी म्हणे, चौकशी चालू आहे.

"जहाज दिसतंय, सर," ती म्हणाली. "दादा दिसतो का त्यात?"

मी हजेरी घ्यायला लागलो, याची मला आजही लाज वाटते.

ती वर्गात आली त्या शेवटच्या दिवशी तिनं टिकली समुद्रात लावलीच नाही. नकाशावर आपलं शहर जिथं असावं, तिथं ती अंगठ्यानं दाबून बसवली.

"आईला सांगितलंय, दादा घरी निघालाय म्हणून."

"खरंच?" मी वेड्यासारखं विचारलं.

"दिसतंय तिथं नाय, सर."

ती पुन्हा आली नाही. फोनही बंद. समुद्रातल्या टिकल्या उन्हाळ्यात एकेक करून गळून पडल्या, शहरावरची ही एक तशीच आहे. नवी पोरं विचारतात, "सर, काढू का ती?" मी अंगावर ओरडतो. काढली तर करमाडच्या त्या घरात काहीतरी होईल, अशी भीती वाटते मला. जागतिक सुरक्षा शिकवणारा मी, रोज वर्ग उघडला की आधी टिकली जागेवर आहे का, ते बघतो.