कॅमेरा बंद आहे, मावशी

माझ्या त्या फिल्मबद्दल मी खूप ठिकाणी बोलले आहे. वर्गात, चर्चासत्रांत, एकदा तर रेडिओवरसुद्धा. पण तिच्यातली एक गोष्ट आजवर माझ्या तोंडून निघालेली नाही — नवऱ्याजवळ नाही, आईजवळ तर नाहीच. आज तुम्हाला सांगतेय. का तुम्हालाच? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. धीटपणा म्हणू नका याला, तो माझ्यात कधीच नव्हता.

आम्ही सालवडला राहायचो. बाबा बोईसरच्या एका कंपनीत, आई घरी. यमुनामावशी नवापूरहून टमटमने मासळीची पाटी घेऊन यायची आणि पहिली बसकण मारायची ती आमच्याच दारात. सख्खी मावशी नव्हे ती. पण आईला टायफॉइड झाला तेव्हा आमच्या घरचा भात तिनेच लावला होता आणि माझी वेणीही तिनेच घातली होती, मासळीच्या हातांनी. शाळेत मुलींनी नाकं धरली आणि मी दिवसभर तिच्यावरच धुसफुसत राहिले. म्हणजे बघा, माझी सुरुवात कधीपासूनची!

पुढे मी विद्यापीठात संज्ञापन आणि माध्यमं शिकायला गेले. हे नेमकं काय असतं ते घरात कुणालाच कळत नव्हतं, बाबा सगळ्यांना सांगायचे, “ती टीव्हीचं शिकते.” शेवटच्या वर्षाला प्रत्येकाने एक छोटी फिल्म करायची होती. वर्गातल्या मुलांकडे भारी भारी विषय होते. माझ्याकडे काय होतं? कंपन्यांच्या पाण्याने काळी पडलेली खाडी होती — आणि यमुनामावशी होती.

आमच्याकडे एक शिकवण वर्गात नाही, चहाच्या टपरीवर मिळायची. मुलाखत संपली म्हणून सांगायचं आणि कॅमेरा चालूच ठेवायचा. माणूस खरं बोलतो ते त्यानंतर. रेकॉर्डिंगचा लाल दिवा दिसू नये म्हणून त्यावर टिकली चिकटवायची, ही युक्ती माझ्याच एका मैत्रिणीची. तेव्हा आम्ही सगळेच हसलो होतो. मी मात्र ते लक्षात ठेवलं.

नवापूरला तिच्या ओट्यावर शूटिंग केलं. मावशी ठेवणीतली साडी नेसून, केसांत अबोलीचा गजरा माळून बसली होती. आणि बोलली कशी? ग्रामसभेत उभी असल्यासारखी. मासळी कमी झाली आहे, सरकारने लक्ष द्यावं, धन्यवाद. धन्यवाद! मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. मग मी पाणी प्यायचं निमित्त केलं, कपाळावरची टिकली काढून त्या दिव्यावर लावली आणि म्हणाले, “झालं. कॅमेरा बंद आहे, मावशी.”

तिने केवढा तरी श्वास सोडला. भिंतीला टेकली, पाय पसरले.

“खरं सांगू, बाय? खाडीचा मावरा आमी घरात नाय शिजवत. औषदाचा वास मारतो त्याला. पन टाकून तरी कसा द्यायचा? इकतो.”

मग पुढे वाकून तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “तुज्या आयला नाय दिला कदी. तुमाला दर्याचाच. तुमी घरची मानसं.”

एडिटिंगला बसले तेव्हा मी ‘इकतो’वर कट मारला.

हे फिल्मचे आमचे सर होते, त्यांनी सांगितलं नव्हतं. त्यांच्यावर ढकलता आलं असतं तर किती बरं झालं असतं! पण त्यांना ते पुढचं वाक्य माहीतच नव्हतं. मला माहीत होतं — आणि ते ठेवलं तर फिल्म मऊ पडते, हेही मला कळत होतं. ‘इकतो’वर थांबलं की अंगावर काटा येतो. मला तो काटा हवा होता. मूळ फुटेज मी नंतर पुसून टाकलं. जागा भरली होती, असं तेव्हा स्वतःला सांगितलं.

विद्यापीठात बक्षीस मिळालं. मग कुणीतरी तेवढाच तुकडा मोबाइलवर फिरवला आणि तो बोईसर-पालघरच्या ग्रुपांवर घरोघरी पोचला. खाडीत ओतणाऱ्या पाइपचा शॉट मी जीव धोक्यात घालून घेतला होता. तो कुणीही पुढे पाठवला नाही. पाठवली ती मावशी. सालवडची दारं तिला बंद झाली. सगळ्यांचाच धंदा बसला म्हणून नवापूरच्या बायकाही तिला बाजारात शेजारी बसू देईनात. आता, दुसऱ्यांना तिने खाडीची मासळी विकली होती, हे खरंच आहे. ती काही देवी नव्हती. पण आम्हाला—

थांबा. सांगते.

ती आमच्या दारात आली. पाटीशिवाय आलेलं मी तिला पहिल्यांदाच पाहिलं. कॅमेरा चालू होता हे तिला कळलं नसेल असं समजू नका, पण त्याबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. आई उंबऱ्यात उभी होती. “माझ्या पोरांना विष घातलंस तू! माझ्या दारात बसून!”

“तुमाला नाय दिला वो, ताय. कदीच नाय.” मग तिने माझ्याकडे पाहिलं. “बाय, तुला सांगितलेलं ना मी? सांग ना आयला.”

किती सोपं होतं. नुसती मान हलवायची होती. पण मग आईने विचारलं असतं — हे फिल्ममध्ये का नाही? आणि पुढच्याच आठवड्यात मला त्या फिल्मच्या जोरावर नोकरीची मुलाखत होती.

मी म्हणाले, “रेकॉर्डिंगमध्ये तसं काही नाहीये, मावशी.”

नव्हतंच ना. मीच पुसलं होतं. आईने दार लावलं. कडी तिला लागेना, ती मी सरकवली.

मावशी पुढे एका कंपनीत झाडू मारायला लागली. आईला काही वर्षांनी लिव्हरचं दुखणं जडलं. मासळीचा याच्याशी संबंध नाही, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, पण आईला ते पटलं नाही. “यमुनाने घातलं ते बाहेर येतंय,” म्हणायची. मी तिचे पाय दाबायचे आणि म्हणायचे, “सोड ना आई आता.” एवढंच. ती गेल्या वर्षी गेली. तिरडी निघाली तेव्हा मावशी गल्लीच्या तोंडाशी, विजेच्या खांबाजवळ उभी होती. नातेवाइकांत कुजबुज झाली. तिने हात जोडले आणि तिरडी वळेपर्यंत तशीच उभी राहिली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. मी तिच्याकडे गेले नाही.

आता मी हाच विषय शिकवते. दर वर्षी पहिल्याच तासाला सांगते, समोरच्याला विचारल्याशिवाय कॅमेरा चालू ठेवायचा नाही. मुलं लिहून घेतात. नंतर विभागात ती फिल्म दाखवतात, कारण ती आमच्याकडची चांगली फिल्म मानली जाते. ‘इकतो’ला वर्गातून दर वेळी तोच उसासा येतो. मी मागच्या बाकावर बसलेली असते.

यमुनामावशीने आमच्या घरात खाडीची मासळी कधीच दिली नाही. आई मरेपर्यंत रोज तिला शिव्या देत होती, आणि मी पाय दाबत होते.