पुट्टी : नाही

माझ्या बायकोला आमच्या भागात सगळे हातोडी म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नाही. ती डेंटर आहे. ठोकलेल्या, चेपलेल्या गाड्यांचा पत्रा सरळ करते. मी गाड्यांच्या सीटा शिवतो. एकाच शेडमध्ये, मधे एक ताडपत्री टांगून, आमचे दोन धंदे चालतात. तिकडून ठोकठोक, इकडून मशीनची खडखड, आणि तेवीस वर्षांचा संसार यातच झाला. भांडायचं झालं तर मला आधी मशीन बंद करावी लागते, तोवर माझा अर्धा राग उतरतो. तिचा उतरत नाही.

नवीन गिऱ्हाईक आलं की तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघतं आणि विचारतं, मिस्त्री कुठे आहेत? मी म्हणतो, समोर उभ्या आहेत, मी शिंपी. मग त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. काही जण परत जातात. जाईनात का. जे थांबतात त्यांच्या गाडीपाशी ती जाते. हाताखाली मलमलचा तुकडा धरते, डोळे मिटते आणि डावा तळवा पत्र्यावरून सावकाश फिरवते. मग खडूने तीन-चार गोल काढते. डोळ्यांना न दिसणारे चढउतार तिच्या तळव्याला कळतात. मी हे वर्षानुवर्षं बघतोय आणि अजूनही मला ते चोरून बघावंसं वाटतं.

हा हात तिच्या वडिलांचा. माझे सासरे जुन्या काळचे नावाजलेले डेंटर. त्यांनी काम शिकवलं ते मुलाला, म्हणजे माझ्या मेहुण्याला. ही दुपारचा डबा घेऊन जायची आणि डबा रिकामा होईपर्यंत उभी राहायची. तेवढ्या वेळात जे दिसलं ते शिकली. त्या काळी सांध्यातल्या खाचा पुट्टीने बुजवत नसत, शिसं भरत. ब्लोलॅम्पच्या आचेवर शिशाची कांडी मऊ करायची आणि मेण लावलेल्या लाकडी पट्टीने ते पत्र्यावर चोपडत न्यायचं. आच कमी पडली तर धरत नाही, जास्त झाली तर सगळं ओघळून बुटावर. मधला जो क्षण असतो, लोण्याइतका मऊ, तो ज्याला पकडता येतो तो कारागीर. पुट्टीला असलं काही लागत नाही. मळा, फासा, घासा, संध्याकाळी गाडी दारात.

सासऱ्यांनी काम सोडलं तेव्हा दुकान मुलाला दिलं आणि मुलीला फडक्यात बांधून तीन लाकडी पट्ट्या आणि तो जुना ब्लोलॅम्प दिला. मेहुणा हसला. म्हणाला, "घे, सरपण झालं तुला." मी तिथेच उभा होतो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण ही पट्ट्या छातीशी धरून अशी चालायला लागली की मला मागून पळावं लागलं.

पुढे मेहुण्याचं दुकान वाढलं, दाराला काच आली, आत सोफे आले. काम मात्र सगळं पुट्टीवर आलं. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, ज्याचा त्याचा धंदा. पण हा गृहस्थ गिऱ्हाइकांना सांगत सुटला की बहिणीकडे जाऊ नका, ती पुट्टीचे थर फासते. स्वतःची खोड दुसऱ्याच्या नावावर खपवायची म्हणजे काय. मी दोनदा भांडायला निघालो. दोन्ही वेळा हिने चप्पल लपवली.

तिने उत्तर दिलं ते वेगळं. एका छापखान्याच्या मागे जुनी चार दारांची गाडी सडत पडली होती. पाठ गोलसर, मोठे डोळ्यांसारखे दिवे, तळाला भोक आणि भोकातून वर आलेलं झाड. तरुणपणी सासरे याच गाड्यांवर काम करायचे. छापखानेवाल्याला जागा हवी होती, आम्ही झाडासकट गाडी उचलून आणली. मी म्हणालो, "अगं, हे भंगार आहे." ती म्हणाली, "अहो, तुम्ही सीटा बघा."

अकरा वर्षं लागली. रोजचं काम संपल्यावर तासभर आणि रविवारी दिवसभर. दारं, मडगार्ड, तळ, सगळं तिने हाताने ठोकून काढलं. टपाचा रंग खरवडला तेव्हा मागच्या सांध्यात कारखान्याने भरलेलं शिसं निघालं, त्याखालचा पत्रा गंजलेला. तिने ते सगळं वितळवून काढलं आणि बापाच्या पट्टीने नवं भरलं. त्या दिवसांत शेडमध्ये चहा प्यायलाही बंदी होती, शिसं पोटात जायला नको म्हणून. हात तीनदा धुऊनच घरात. मी सीटा शिवल्या, आणि सांगायला लाज कशाला, झकास शिवल्या. मग तिने गडद लाल रंग चढवला, थरावर थर, आणि प्रत्येक थर हाताने घासला.

दरवर्षी इथल्या बड्या क्लबच्या हिरवळीवर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरतं. तिथे यायचं म्हणजे मोठी प्रतिष्ठा. त्यात एक गट असतो, जशी कारखान्यातून आली तशी. त्यात पुट्टी चालत नाही. शिसं चालतं, कारण कारखाना तेच वापरायचा. अर्जावर एक ओळ होती, 'पुट्टी : आहे / नाही'. तिने 'आहे' खोडलं. 'दुरुस्ती कोणी केली' याच्यापुढे लिहिलं, 'मी'. तळाशी बारीक अक्षरात होतं की माहिती खोटी निघाल्यास गाडी मैदानाबाहेर, नाव कायमचं बाद, आणि तसं माइकवरून जाहीर केलं जाईल. मी ते तिला वाचून दाखवलं. "मग?" म्हणाली.

बाकीच्या गाड्या ट्रेलरवर चढून, अंगावर कापड पांघरून आल्या. आम्ही आमची चालवत नेली. फाटकावरचा माणूस म्हणाला, सामान मागच्या दाराने. मी म्हणालो, "सामान नाही, स्पर्धक आहोत." त्याने कागद उलटसुलट करून पाहिला आणि आत सोडलं. आमची जागा नेमकी मेहुण्याच्या शेजारी. एका कारखानदाराची लांबलचक हिरवी गाडी त्याने तयार केली होती. गट आमचाच. त्याने आमच्याकडे बघून मान हलवली, म्हणजे हलवली असं मला वाटलं. ही "दादा" एवढंच म्हणाली आणि फडक्याने आरसा पुसायला लागली.

परीक्षक तीन. मुख्य जे होते ते निवृत्त इंजिनिअर, पांढरी टोपी, हातात आमचा अर्ज, आणि खिशात मऊ कापड चिकटवलेलं छोटं लोहचुंबक. पत्र्याला चुंबक चिकटतं, पुट्टीच्या थरावर सुटतं. दारांवर चिकटलं, बॉनेटवर चिकटलं, चारही मडगार्डांवर चिकटलं. त्यांनी मान डोलावली. मग टपाच्या मागच्या सांध्यावर लावलं आणि चुंबक सुटून हिरवळीवर पडलं. त्यांनी उचलून परत लावलं. परत पडलं.

"इथे पुट्टी आहे," ते म्हणाले.

"शिसं आहे," ही म्हणाली. "शिशालाही चुंबक धरत नाही."

"बाई, शिसं भरणारे हात आता राहिले नाहीत. असं सांगणारे मला दरवर्षी भेटतात." मग जरा नरम होऊन म्हणाले, "काम चालू असतानाचे फोटो असतील ना? दाखवा."

तिने माझ्याकडे बघितलं. फोटो काढायचं काम माझ्याकडे होतं. मी मोबाइल काढला. दोनशेच्या वर फोटो होते. मागची सीट, पुढची सीट, सीटची शिवण जवळून, शिवण लांबून, सीटवर बसलेलो मी. टपाचा एकही नाही. अकरा वर्षांत एकदाही त्या ताडपत्रीपलीकडे मोबाइल न्यायचं मला सुचलं नव्हतं. परीक्षक एकेक फोटो सरकवत होते आणि मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटत होतं. "शिलाई छान आहे," ते म्हणाले. आयुष्यात कोणी केलेलं कौतुक मला इतकं लागलं नव्हतं.

त्यांनी शेजारी वळून मेहुण्याला विचारलं, "तुम्ही तर यांच्याच घराण्यातले. यांच्याकडे शिशाचं काम होतं का?"

एक शब्द पुरला असता. त्या पट्ट्या त्याच्या डोळ्यांदेखत दिल्या होत्या, सरपण म्हणाला होता. मेहुण्याने आपल्या गाडीकडे बघितलं, आमच्या गाडीकडे बघितलं. "आम्ही वेगळे झालो त्याला फार वर्षं झाली," म्हणाला. "मी कसं सांगणार?"

माझ्या तोंडात जे आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी पुढे झालोच होतो, पण हिने दंड धरला. "अहो, गप्प बसा." परीक्षकांनी पेन उघडलं. मैदानाच्या टोकाला माइकवाला कुठल्याशा गाडीची माहिती सांगत होता. त्यानंतर आमची पाळी होती, शंभर माणसांसमोर, खोटारडी म्हणून.

"थांबा," ही म्हणाली. डिकी उघडली, हत्यारांच्या पिशवीतून खरवडायचं पातं काढलं आणि टपाच्या सांध्यावर टेकवलं.

"अहो बाई, रंगाचे गुण जातील," दुसरे परीक्षक म्हणाले.

"जाऊ दे."

आणि तिने रंग खरवडला. एका दमात, वीतभर लांब, दोन बोटं रुंद. तो थर घासताना तिची बोटं सोललेली मी पाहिली होती, रात्री मीच त्यांना तेल लावलं होतं. लाल चुरा खाली पडत होता आणि मला रडू येत होतं. रंगाच्या खाली दोन्ही टोकांना चकचकीत पोलाद निघालं आणि मधे मऊ, करडं शिसं. पुट्टीचा कणसुद्धा नाही. तिने पात्याच्या कोपऱ्याने शिशाचा एक छोटा कुरळा तुकडा काढला. परीक्षकांच्या हातातला अर्ज त्यांच्या हातातच धरला आणि त्या तुकड्याने 'नाही' या शब्दाखाली रेघ ओढली. करडी, ठळक रेघ उमटली.

"पुट्टीने कागदावर लिहिता येत असेल तर मला दाखवा," ती म्हणाली.

मुख्य परीक्षकांनी टोपी काढली. नखाने शिसं दाबून पाहिलं. मग म्हणाले, "तुमची माहिती खरी आहे. पण रंग आता खराब झालाय, त्याचे गुण मला देता येणार नाहीत. नियम आहे."

"मी गुण मागितले नाहीत."

ते चुंबक घेऊन हिरव्या गाडीकडे वळले. मेहुणा गाडीला टेकून उभा होता. सहज उभं राहावं तसा, फक्त त्याचा डावा तळवा पुढच्या मडगार्डवर सपाट पसरलेला होता. परीक्षकांनी दारं तपासली, मागचा भाग तपासला आणि त्या हातापाशी येऊन थांबले. हात हलेना. कारखानदार मालक हसून म्हणाले, "अहो मिस्त्री, बाजूला व्हा की." तरी हलेना.

"दादा," माझी बायको म्हणाली, "हात काढ."

आवाज चढवला नाही तिने. त्याने हात काढला. पॉलिशवर पाच बोटांचा ओला ठसा उरला होता. परीक्षकांनी ठशाच्या मधोमध चुंबक लावलं. ते एक क्षणही चिकटलं नाही.

त्यानंतर मालकांनी मेहुण्याला काय काय ऐकवलं ते सगळ्या हिरवळीने ऐकलं, माइकची गरज पडली नाही. मला हसू आवरेना. खरं सांगतो, तेवीस वर्षांचं हसू होतं ते. हिने माझ्याकडे असं बघितलं की ते घशातच राहिलं. "तो माझा भाऊ आहे," म्हणाली. "बाबांचा हात त्याच्याकडेही होता. त्याने वापरला नाही." आणि थर्मासमधला चहा एका कपात ओतून त्याला नेऊन दिला. त्याने कप घेतला. वर बघितलं नाही.

बक्षीस तिसऱ्याच कोणाला तरी मिळालं. आम्ही टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी गाड्यांवर परत कापडं पडायला लागली, ट्रेलर आत आले. ही स्टिअरिंगवर बसली, मी शेजारी, माझ्याच सीटवर. एवढ्यात मुख्य परीक्षक चालत आले आणि खिडकीशी वाकले.

"तो खरवडलेला पट्टा रंगवून घ्या," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी आणा. पहिला नंबर तुमचा, मी आत्ता सांगतो."

"पुढच्या वर्षी आणणार," ही म्हणाली. "पण पट्टा रंगवणार नाही."

"का?"

"रंगवला की तुम्ही परत विचाराल."

तिने गाडी सुरू केली. ते दोन पावलं मागे सरकले, आणि आम्ही फाटकातून, पुढच्याच फाटकातून, बाहेर पडलो.