भिंत बोलू लागली

पुलापासून पाण्याच्या टाकीपर्यंतचा निम्मा रस्ता सरला असेल, तोच नणंदेची पावलं झरझर पडू लागली. मागून येणाऱ्या वहिनीनं ओठांतल्या ओठांत चाललेलं नामस्मरण थांबवलं.

"काल लॉन्ड्रीत काय काय झालं, सांग बरं."

"मुकादम आले... म्हणाले..." एवढ्यातच नणंदेला धाप लागली.

"लागला ना दम? मग हळू. बोलता आलं पाहिजे, गाता नाही आलं तरी चालेल, असं व्यायामाच्या बाईंनी सांगितलंय."

"मला कुठं गाता येतं?"

"तेही खरंच. तू गायलीस तर माझं डोकं दुखायचं."

नणंद हसली आणि बेतानं चालू लागली. इस्पितळाच्या चादरींना इस्त्री करणं हे तिचं रोजचं काम, आणि रविवारी लॉन्ड्रीतल्या बायकांच्या फुटबॉल संघाची ती गोलरक्षक. सगळे तिला भिंत म्हणत. शाळेत इतर मुली चेंडू आला की डोळे मिटायच्या. ही उघड्या डोळ्यांनी अंगावर घ्यायची. तेव्हापासून गोल राखणं हिच्या माथी आलं. या हंगामात तर गोलचा खांबच माथी बसला. चेंडूवर झेपावली आणि डोकं खांबावर आपटलं. वरून जखम दिसेना, पण मेंदूला मार बसला होता. उजेड सोसेना, वाचू गेलं तर अक्षरं नाचायची.

"पहिले एक-दोन दिवस पडून राहा, मग मात्र लोळायचं नाही," डॉक्टर म्हणाले होते. "रोज चालायचं, झेपेल तसं वाढवायचं. डोकं किंचित जड झालं तर हरकत नाही. वाढत गेलं तर तिथंच थांबायचं."

डोक्याला लागलेल्या माणसाला चालवायचं, हे वहिनीला आधी पटेना. पण चालून आली की पोरीला गाढ झोप लागायची, तोंडावर तजेला यायचा. देवाची कृपा म्हणून तीही रोज चपला घालून निघू लागली.

अडचण चालण्याची नव्हतीच. दुखणं वाढलं हे सांगायचं नणंदेनं, आणि तिला जन्मात एकच उत्तर ठाऊक: "काही नाही." इस्त्रीनं मनगट भाजलं, काही नाही. बोट मोडलं, काही नाही. तिचा भाऊ म्हणायचा, "हिच्यापेक्षा खरी भिंत बरी, तिला निदान कान तरी असतात."

आणि आता रविवारी अंतिम सामना होता. डॉक्टरांनी हो म्हटलं तर तूच खेळणार, असा प्रशिक्षकांचा निरोप होता. डॉक्टर उद्या विचारणार, पळताना त्रास होतो का. म्हणून आज टाकीचा चढ पहिल्यांदाच हलकं पळून बघायचा होता.

नणंद पळू लागली. वहिनी खालीच उभी राहिली. पाऊल छान पडत होतं, खांदे सैल होते. चढ निम्मा झाला आणि तिनं विजेच्या खांबाला हात टेकला. वहिनी जवळ गेली, पण तिनं काही विचारलं नाही. उत्तर ठाऊकच होतं.

"वाढतंय, वहिनी."

"किती?"

"खेळू नये इतकं."

या पोरीनं गोलात अंग झोकून अडवलेले चेंडू वहिनीनं कितीतरी पाहिले होते, टाळ्याही वाजवल्या होत्या. पण आज ऊर जसा भरून आला तसा तेव्हा कधी आला नव्हता. तिनं पदरानं नणंदेचं कपाळ पुसलं.

दोघी टाकीच्या कठड्यावर टेकल्या.

"उद्या डॉक्टरांना हेच सांगणार," नणंद म्हणाली. "पण मग मैत्रिणी घरी येतील, गळ घालतील, आणि माझं मन पाघळेल. म्हणून एक करा, वहिनी. मी बरी होईपर्यंत माझे हातमोजे तुमच्या देवापाशी ठेवा. धुतलेत मी, वास यायचा नाही. तिथून उचलायची माझी छाती होणार नाही."