जरीपटक्यापर्यंत पाठलाग

ज्या मुलीच्या मागे मी भर उन्हात जरीपटक्यापर्यंत स्कूटर दामटली, ती माझी नव्हतीच.

आमची कन्या पहिल्यांदाच एकटी गाडी घेऊन सीताबर्डीला क्लासला निघाली होती. तिच्यामागून मीही बाहेर पडलो, अगदी सहज. आता नागपूरच्या उन्हात झाडून सगळ्या पोरी डोळे तेवढे सोडून तोंड स्कार्फमध्ये गुंडाळतात. सिग्नलला कन्येसारखाच पिवळा स्कार्फ आणि तशीच पांढरी गाडी दिसली, लागलो मागे. ती बर्डी सोडून भलतीकडेच निघाली तेव्हा माझ्या मनात काय काय आलं, ते इथे लिहीत नाही. शेवटी जरीपटक्याच्या बाजारात तिने गाडी थांबवली आणि कमरेवर हात ठेवून वळली.

"ओ काका, काहून मागं मागं येऊन राहिले?"

आवाज परका! शेजारचा फळवालाही हातातलं खरबूज ठेवून पुढे सरकला. "माझी मुलगी समजलो," एवढं पुटपुटून मी तिथून जी गाडी काढली, ती थेट घरी.

घरी बायको कूलरसमोर गाढ झोपलेली. हलवून उठवलं.

"पोचली ना ती कधीचीच. मले फोन आला होता तिचा."

मले! उन्हाने भाजलो नव्हतो तेवढा त्या एका शब्दाने भाजलो. मला कधी येत नाही फोन, मीच सारखा लावत असतो. बाबा फार चौकशा करतात, असं कन्येचं म्हणणं. आणि बायकोची ती झोप! तिचा तर मला लग्नापासून हेवा वाटतो.

"तुले काळजी नाही वाटत?" मी जरा चिडूनच विचारलं.

"वाटते ना. पण मी फोन लावला तर ते येडी चालत्या गाडीवर उचलंल. म्हणून पडून राहते."

दुसऱ्या दिवशी मीही पडून राहिलो. फोन उशीखाली. झोप कसली येते! पोचली असेल. नसेल पोचली. ठाऊक नाही. या तिसऱ्यावर मी जिद्दीने थांबलो. हात मधूनमधून उशीखाली जात होता आणि रिकामाच परत येत होता.

फोन वाजला. बायकोचाच! ती माझ्याकडे बघत नुसती "हो वं, हो" करत होती. मग तिने फोन माझ्यापुढे धरला.

"पोचली. अन् विचारून राहिली, बाबाचा आज एकही फोन नाही, बरे आहेत ना ते? घ्या, बोला. आता तिले काळजी लागली."